पंचवीस-अकरा म्हणजे काय?

मंडळी, अनंत चतुर्दशीला आपली मिरवणूक निघते तेव्हा सगळ्यांच्या नजरा ट्रॉलीत विराजमान झालेल्या बाप्पांकडे असतात. ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरकडे कोण बघतो? फार तर ताशापेक्षा त्याचा आवाज वर चढला की चालकाला 'जरा हळू' अशी खूण केली जाते. पण चंदीगड, पंचकुला, मोहाली आणि पिंजोर या पट्ट्यात येऊन राहिलेल्या आपल्या माणसांपैकी काहींच्या घरची चूल ट्रॅक्टरच्या कारखान्यावरच पेटली, म्हणून स्मरणिकेतली चार पाने या यंत्रासाठी मागून घेतली आहेत.

पिंजोरचा एचएमटी आणि मोहालीचा स्वराज हे आपल्या भागातले दोन मोठे कारखाने. एकाचा पहिला ट्रॅक्टर '२५११', दुसऱ्याचा '७२४'. हे आकडे आपण इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांना काही अर्थ असेल असे वाटतच नाही. पंचवीस-अकरा म्हणजे पंचवीस-अकरा! परंतु जुना ट्रॅक्टर ओळखायचा असेल, त्याचा सुटा भाग मागवायचा असेल, किंवा विकत घेण्यापूर्वी आरसी बुक आणि यंत्र यांची गाठ घालून पाहायची असेल, तर हे आकडे वाचता यावे लागतात. आणि ते वाचताना पहिली अडचण ही येते, की प्रत्येक कारखान्याने आपले व्याकरण वेगळे ठेवले आहे. एकाच्या व्याकरणाने दुसऱ्याचा आकडा वाचला की घोटाळा झालाच म्हणून समजा.

आधी आपल्या पिंजोरचे पाहू. एचएमटीची स्थापना १९५३ साली बंगळूरला झाली. पिंजोरचा कारखाना १९६३ चा, तोही लेथ-मिलिंगसारख्या यंत्रसामग्रीसाठी. ट्रॅक्टर आला १९७१ मध्ये, चेकोस्लोव्हाकियाच्या मोटोकोव्ह या निर्यात संस्थेबरोबरच्या तांत्रिक करारातून. मूळ कारखाना ब्रनो शहरातला, नाव झ्ब्रोयोव्का. चेक भाषेत याचा अर्थ शस्त्रांचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ब्रेन गन मूळ इथलीच. ब्रनोचे 'ब्र' आणि इंग्लंडमधल्या एनफील्डचे 'एन' मिळून तिचे नाव झाले. युद्ध संपल्यावर याच कारखान्याने ट्रॅक्टर करायला घेतला आणि मार्च १९४६ मध्ये 'झेटोर २५' शेतकऱ्यांच्या हाती दिला. 'झेट' हा कारखान्याच्या आद्याक्षराचा चेक उच्चार आणि 'ओर' ही 'ट्रॅक्टोर' या शब्दाची शेपटी. दोन सिलिंडरांचे इंजिन, पंचवीस अश्वशक्ती. नावात आकडा होता तोच ताकदीचा आकडा. इतका सरळ हिशेब नंतर फार काळ टिकला नाही.

१९६० च्या सुमारास झेटोरने एक मोठे शहाणपण केले. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन ट्रॅक्टर निराळे न आखता एकाच कुटुंबातले आखले. २०११, ३०११ आणि ४०११ ही ती तीन भावंडे. सिलिंडरचा व्यास ९५ मिलीमीटर आणि दट्ट्याची धाव ११० मिलीमीटर, हे माप तिन्हींत एकच. २०११ ला असे दोन सिलिंडर, ३०११ ला तीन, ४०११ ला चार. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह असे कितीतरी भाग एकमेकांना चालत. शेवटचा '११' म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर. चारही चाकांना जोर असला की शेवटी '४५' येई, म्हणजे ३०११ चा भाऊ ३०४५.

इथे चलाख माणूस लगेच अनुमान काढतो, की पहिला आकडा सिलिंडरांचा. दोन हजार अकरा म्हणजे दोन, तीन हजार अकरा म्हणजे तीन. पुढच्या सुधारित मालिकेत २५११ आणि ३५११ आले, तिथेही हे अनुमान बरोबर ठरते. मग ५५११ समोर येतो आणि त्याला पाच सिलिंडर नसतात, चारच असतात! पहिल्या दोन आकड्यांनी दाखवला जात होता तो ताकदीचा गट, आणि तोही ढोबळ. ३०११ ची ताकद तीस नव्हे, सुमारे पस्तीस अश्वशक्तीची होती. पिंजोरचा २५११ मात्र आकड्याशी इमान राखून पंचवीस अश्वशक्तीचा होता. पुढे पिंजोरला ३५११ आणि ५९११ निघाले, आणखी काही वर्षांनी '२२' वर संपणारे ३५२२ सारखे सुधारित नमुने आले, आणि पाटीवरचे 'झेटोर' हे नाव जाऊन नुसते 'एचएमटी' उरले. पंजाबातल्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र झेटोर कायम राहिला.

आकड्यांऐवजी अक्षरांनी बोलणारे घराणे म्हणजे फर्ग्युसन. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडचा, नांगर ट्रॅक्टरला तीन बिंदूंनी जोडून हायड्रोलिकने उचलण्याची पद्धत रूढ करणारा माणूस. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे ही जोडणी आहे. त्याचा छोटा राखाडी 'टीई-२०' इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात तयार झाला, पाच लाखांहून अधिक. 'टी' म्हणजे ट्रॅक्टर, 'ई' म्हणजे इंग्लंड. अमेरिकेत डेट्रॉइटला निघाला तो 'टीओ', म्हणजे ट्रॅक्टर ओव्हरसीज. कोणाच्या दृष्टीने परदेश, हे वेगळे सांगायला नको.

खरी गंमत पुढच्या अक्षरात आहे. नुसता टीई-२० असेल तर इंजिन अमेरिकन कॉन्टिनेंटल. टीई-ए-२० असेल तर स्टँडर्डचे पेट्रोल इंजिन. (ही तीन अक्षरे इंग्रजीत सलग वाचली की चहा होतो!) 'डी' आला तर डिझेल असे आपण म्हणू, पण तसे नाही. 'डी' म्हणजे रॉकेलच्या जातीचे, पेट्रोलवर सुरू करून मग बदलायचे ट्रॅक्टर-तेल. डिझेल हवे असेल तर 'एफ' शोधावा लागतो, आणि तो १९५१ पासूनच सापडतो. 'एच' म्हणजे दिव्याच्या तेलावर चालणारा. 'बी', 'सी' आणि 'ई' ही अक्षरे अरुंद बांध्याची, 'के' पासूनची काही द्राक्षबागेची. म्हणजे एक अक्षर नीट वाचता आले तर इंधन आणि बांधा दोन्ही कळतात. ही अक्षरे बोनेटवर कुठेच नाहीत, फक्त स्टिअरिंगजवळच्या छोट्या पाटीवर आहेत. बाहेरून सगळे सारखेच राखाडी. यातलेच फर्ग्युसन घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. एव्हरेस्टनंतर पाचच वर्षांनी, आणि या वेळी ट्रॅक्टरवर बसून.

याच फर्ग्युसनने त्याआधी १९३८ मध्ये हेन्री फोर्डबरोबर केवळ हस्तांदोलनावर करार केला होता. त्यातून अमेरिकेत 'फोर्ड ९एन' निघाला. नऊ म्हणजे १९३९ हे साल, 'एन' म्हणजे फोर्डच्या पद्धतीत ट्रॅक्टर. इथे आकड्याचा अश्वशक्तीशी काही संबंध नाही. १९४२ मध्ये युद्धटंचाईच्या काळात त्याचेच '२एन' झाले. पण कारखान्याने इंजिनावर ठोकायचा अनुक्रमांक बदललाच नाही, तो '९एन' नेच सुरू होत राहिला. म्हणून परदेशी संग्राहक आजही '९एन' असे ठसवलेला ट्रॅक्टर दाखवतात आणि तो प्रत्यक्षात २एन असतो. पुढचा '८एन' ओळखायला सोपा. ब्रेकचे दोन्ही पेडल उजव्या बाजूला आले आणि गिअर तीनचे चार झाले. हा ८एन फोर्डने फर्ग्युसनला बाजूला सारून काढला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये फोर्डने साडेब्याण्णव लाख, नीट सांगायचे तर ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन ते मिटवले. हस्तांदोलन महागात पडले ते असे.

फर्ग्युसनचा धंदा १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसशी जोडला गेला आणि १९५८ पासून 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव रूढ झाले. भारतात मद्रासला १९६० मध्ये टॅफे स्थापन झाली आणि पुढे तिचा १०३५ घरोघरी पोहोचला. मागचे '३५' वडिलोपार्जित. या वडिलांची, म्हणजे इंग्लंडच्या मॅसी फर्ग्युसन ३५ ची, ओळख पटवणे हा तर अभ्यासाचाच विषय आहे. सुरुवातीच्या डिझेल ३५ मध्ये स्टँडर्डचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. थंडीत सुरू व्हायला ते फार कुरकुरे. १९५९ पासून पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले आणि तक्रार मिटली. पाटीवर दोन्हीकडे ३५ च! मग ओळखायचे कसे? डिझेल पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या मोजायच्या. चार असतील तर स्टँडर्ड, तीन असतील तर पर्किन्स. रंग बदलता येतो, पाटी बदलता येते, नळ्या तेवढ्याच राहतात.

ही नळ्या मोजण्याची युक्ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. तिला ना कॅटलॉग लागतो, ना चश्मा.

रशियन ट्रॅक्टरांची तऱ्हा आणखी वेगळी. १९५६ च्या १५ ऑगस्टला राजस्थानात सूरतगढचे केंद्रीय कृषिक्षेत्र सुरू झाले ते सोव्हिएत संघाने दिलेल्या यंत्रांवर. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे रशियन आणि पूर्व युरोपीय ट्रॅक्टर आपल्याकडे येत राहिले. लहान 'डीटी-१४' मध्ये डीटी म्हणजे डिझेल ट्रॅक्टर आणि १४ ही अश्वशक्ती. चोख व्यवहार. बेलारूस या नावाने विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरचे मूळ नाव 'एमटीझेड', म्हणजे मिन्स्क ट्रॅक्टर कारखान्याची रशियन आद्याक्षरे. यातले तिसरे अक्षर रशियन लिपीत हुबेहूब आपल्या देवनागरी ३ सारखे दिसते. त्यामुळे ओतीव भागावरचे अक्षर वाचणाऱ्याला ते आकडा वाटते आणि नाव 'एमटी-३' होऊन बसते. आता व्याकरण पाहा. एमटीझेड-५ मधला पाच म्हणजे अश्वशक्ती मुळीच नाही, तो आराखड्याचा क्रमांक. एमटीझेड-५० मधला पन्नास मात्र ताकदीचा. आणि एमटीझेड-५२? दोन अश्वशक्ती जास्त? छे! तो त्याच ५० चा चारही चाकांना जोर असलेला अवतार. पुढे ८० आणि ८२ ची जोडीही तशीच. एकाच कारखान्याने तीन आकड्यांत तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

आपल्या देशी नावांकडे वळू. मुंबईत कांदिवलीला १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली आणि 'बी-२७५' तयार होऊ लागला. 'बी' म्हणजे ब्रिटन, कारण मूळ नमुना इंग्लंडमधला. २७५ म्हणजे अश्वशक्ती नव्हे हे तर उघडच आहे. इंग्लंडमध्ये त्याचा थोरला भाऊ बी-२५० होता, त्याला पुढचे पाच गिअर आणि २७५ ला आठ. शेपटीला लागणारे 'डीआय' म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे इंजिन. फरिदाबादला आयशरने १९५९ मध्ये जर्मन सहकार्याने ट्रॅक्टर सुरू केला. हा हवेने थंड होणारा, रेडिएटरच नाही, त्यामुळे लांबूनही ओळखू येई. तिथेच एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसचे सहकार्य घेतले आणि १९७१ पासून 'फोर्ड ३०००' काढला. फोर्डच्या या मालिकेत २०००, ३००० आणि ४००० या तिघांनाही सिलिंडर तीनच, ५००० ला चार. म्हणजे इथेही पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवायची सोय नाही. आयशरचा ४८५ आणि महिंद्रचा ५७५ हे दोन्ही पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे. आकड्यांतला फरक नव्वदचा, शेतातला जवळजवळ शून्य!

मोहालीचा ७२४ मला या सगळ्यांत वेगळा वाटतो. त्याला कोणाचा परवाना नव्हता. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे सीएमईआरआयमध्ये, मनमोहन सुरी यांच्या पथकाने १९६५ पासून तो आखला आणि पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ मध्ये बाजारात आणला. 'स्वराज' हे नाव उगाच नाही. शेवटचे दोन आकडे ताकदीच्या गटाचे: ७२४, ७३५, ७४४, ८५५. प्रत्यक्ष अश्वशक्ती थोडी पुढेमागे होते. आपल्यासाठी यात एक घरचा धागाही आहे. मोहालीला स्वराजची इंजिने बनवणारी कंपनी १९८५ मध्ये उभी राहिली ती पंजाब ट्रॅक्टर्स आणि पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सच्या भागीदारीत. २००७ मध्ये महिंद्रने पंजाब ट्रॅक्टर्स घेतली आणि कांदिवलीचा धंदा मोहालीचा मालक झाला.

आता समजा समोर एक जुना ट्रॅक्टर उभा आहे, तीन वेळा रंगवलेला, बोनेट दुसऱ्याच कुणाचे. सुरुवात कुठून करायची? पाटी सगळ्यांत शेवटी वाचावी. आधी नळ्या मोजून सिलिंडर ठरवावेत. मग पुढचा आस पाहावा, जोर येतो की नुसता फिरतो. गिअर मोजावेत. त्यानंतर इंजिन ब्लॉकवर आणि चेसिसवर ठोकलेले क्रमांक रॉकेल आणि चिंधीने साफ करावेत. तारेचा ब्रश जपून वापरावा आणि ग्राइंडर तर लावूच नये, कारण उथळ ठसा एकदा घासला गेला की परत येत नाही. आकडा पुसट असेल तर वरून खडू फिरवून हलक्या हाताने पुसावा. खोलगट रेषांत खडू राहतो आणि आकडा उठून दिसतो. इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक वेगवेगळा असणे हा दोष नव्हे. त्या दोन निराळ्या मालिका असतात. मात्र दोन्ही आरसी बुकातल्या नोंदीशी जुळले पाहिजेत.

परदेशात बनलेल्या फोर्ड ३००० वर एक छोटा संकेतही सापडतो. उदाहरणार्थ '५ सी १४ बी'. पाच म्हणजे १९६५, सी म्हणजे मार्च, चौदा तारीख, शेवटचे अक्षर पाळीचे. महिन्यांच्या अक्षरांत 'आय' गाळलेला आहे, तो एकच्या आकड्यासारखा दिसतो म्हणून. त्यामुळे सप्टेंबरला 'जे' येतो. यावरून पाळीपर्यंत वाढदिवस कळतो. आपल्यापैकी किती जणांच्या जन्मपत्रिका इतक्या अचूक आहेत?

तुलना करायला आधार हवा असेल तर मध्य प्रदेशातल्या बुधनीचे अहवाल आहेत. नर्मदेकाठच्या या गावी १९५५ मध्ये सरकारी ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि १९५९ पासून तिथे ट्रॅक्टरांच्या चाचण्या होऊ लागल्या. जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, चाचणीच्या अहवालात मोजलेली ताकद असते. नावातला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी ठेवून पाहिले की बरेच गैरसमज दूर होतात.

एवढा खटाटोप आज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण पिंजोरमध्येच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना बंद झाला की नवे यंत्र तर थांबतेच, पण 'या क्रमांकाच्या यंत्राला कोणता भाग लागतो' हे सांगणारी खिडकीही बंद होते. पंजाब-हरियाणातले जुने २५११ आणि ३५११ वजनावर भंगारात जातात, त्यांच्याबरोबर त्यांच्या पाट्याही. चालू असलेल्या एखाद्या ३५११ चा मालक पेरणीच्या तोंडावर चुकीचा पिस्टन घेऊन आला तर त्याचा हंगाम हातचा जातो. दुकानदार नवा असतो आणि त्याला ३५११ आणि ३५२२ यांतला फरक सांगणारे कोणी नसते.

उलट दिशेचा धोकाही आहे. गायक सिद्धू मूसेवाला यांच्यामुळे एचएमटी ५९११ हा आकडा ट्रॅक्टर कधी न चालवलेल्या मुलांनाही पाठ झाला. त्यांनी २०२० मध्ये काढलेल्या संगीत कंपनीचे नावच '५९११' होते. २९ मे २०२२ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्या ट्रॅक्टरला वेगळेच मोल आले. ज्या आकड्याला असे मोल येते तो आकडा दुसऱ्या बोनेटवर रंगवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. घेणाऱ्याने झाकण उघडून नळ्या मोजाव्यात. ५९११ ला चार असल्याच पाहिजेत. तीन दिसल्या तर पैसे खिशातच ठेवून परत फिरावे.

आपल्या मंडळात पिंजोर आणि मोहालीतून निवृत्त झालेले ज्येष्ठ सभासद आहेत, मराठी आहेत तसे त्यांचे पंजाबी आणि हिमाचली सहकारीही आहेत. त्यांच्या माळ्यावर पार्ट्स कॅटलॉग, सर्व्हिस पुस्तिका, कोणत्या महिन्यापासून कोणता भाग बदलला याच्या हाताने लिहिलेल्या नोंदी असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी मोबाईलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी प्रत मंडळाच्या वाचनालयात द्यावी. प्रत्येक पुस्तिकेवर मॉडेलचा पूर्ण आकडा, छपाईचे साल आणि शक्य असल्यास ती कोणत्या चेसिस क्रमांकापासून लागू होते एवढे लिहून ठेवले तर पुढच्या माणसाचे काम निम्मे होईल.